नवा लॅपटॉप घेणाऱ्याचाच असू द्या

जुलै उजाडला की रायपूरच्या कॉलेजांमधले प्रवेश आटोपत येतात आणि माझ्या वर्गात नवे लॅपटॉप दिसायला लागतात. मी वाणिज्य शाखेच्या मुलांना एक्सेल, टॅली आणि जीएसटीचं काम शिकवते. मुलं धमतरी, महासमुंद, भाटापारा, बेमेतरा अशा भागांतून येतात. बहुतेकांच्या घरी शेती, आणि इकडे शेती म्हणजे धान. छत्तीसगड सरकार धान घेतं ते क्विंटलला ३१०० रुपयांनी. त्या हिशेबाने चाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे तेरा क्विंटल धान. मुलीच्या शिक्षणासाठी एवढे पैसे बाजूला काढताना त्या घराने किती गोष्टी पुढे ढकललेल्या असतात, हे मला त्या मुलींच्या बोलण्यातून कळतं.

आणि तो लॅपटॉप पहिल्या महिन्यातच रखडायला लागतो. सुरू व्हायला वेळ घेतो, काही न करता गरम होतो, बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. घरचे म्हणतात, दुकानदाराने फसवलं. मुलगी म्हणते, माझंच काहीतरी चुकलं असेल. दोन्ही खरं नसतं. यंत्र चांगलं असतं. त्याच्या आत, पडद्यामागे, कुणी न मागितलेली कामं चालू असतात. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या लॅपटॉपमध्ये मालकाला न विचारता काहीही आपोआप सुरू होता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी वर्गात रोज सांगते, आज इथे लिहिते आहे.

मागे भाटापाऱ्याची एक मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, नवा हे, तभो ले अब्बड धीरे चलथे." नवा आहे, तरी फार हळू चालतो. तिचा लॅपटॉप आठ जीबी मेमरीचा, एसएसडी असलेला, म्हणजे तिच्या कामाला पुरेसा. टेबलावर नुसता उघडून ठेवला होता, एकही फाइल उघडी नव्हती, तरी पंख्याचा आवाज येत होता. मी तिला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. टास्क मॅनेजर उघडला. मेमरीच्या रकान्यात साठ टक्क्यांच्या वरचा आकडा होता. डाव्या बाजूच्या पट्टीतून आम्ही 'स्टार्टअप ॲप्स' उघडलं. विंडोज सुरू होताक्षणी जे जे आपोआप सुरू होतं, त्याची ही यादी.

मी एकेक नाव वाचत गेले. ठरावीक मुदतीपुरतं फुकट असलेलं अँटिव्हायरस. लॅपटॉपच्या कंपनीचा एक मदतनीस प्रोग्रॅम, त्याच कंपनीचा वॉरंटी वाढवून घ्या म्हणून आठवण करणारा दुसरा. मीटिंगसाठीचं टीम्स. वनड्राइव्ह. गाण्यांचं एक ॲप. फोन जोडण्याचं एक. गेम विकणारं एक दुकान. एज ब्राउझर, जो तिने एकदाही उघडला नव्हता, कारण तिचं सगळं काम क्रोममध्ये. आणि यादीत खाली लांबलचक नावं असलेले दोन अपडेटर, ते कशाचे हे मलाही शोधावं लागलं.

"यातलं तू कोणतं टाकलंस?" मी विचारलं.

"एको ठन नइ, मॅडम." एकही नाही. मग म्हणाली, दुकानातले भैया म्हणाले होते, "सब डालके दिया है."

हे वाक्य मी रायपूरमध्ये इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की ते आता विक्रीचाच भाग झालं आहे. 'सब डालके दिया है' यात दुकानदाराचा वाईट हेतू नसतो, गिऱ्हाइकाला जास्त दिल्याचं समाधान त्याला असतं. पण जे दिलं जातं त्यातलं बरंचसं कंपनीने कारखान्यातच भरलेलं असतं, थोडं दुकानात भरलं जातं, आणि त्या सगळ्याचा भार त्या आठ जीबीवर पडतो.

स्टार्टअपच्या यादीत एक रकाना 'स्टार्टअप इम्पॅक्ट' नावाचा असतो. त्यात हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं दिसतं. हा अंदाजपंचे शेरा नाही. एखाद्या प्रोग्रॅमने सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर तीन एमबीहून जास्त वाचन-लेखन केलं, की विंडोज त्याला 'हाय' म्हणतं. त्या मुलीच्या यादीत 'हाय'ची रांग लागली होती. आम्ही एकेकावर उजवं बटण दाबून 'डिसेबल' केलं. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होणं थांबतं. हवा तेव्हा तो हाताने उघडता येतो. हे कळल्यावर तिची भीती गेली आणि पुढची बटणं तिनेच दाबली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा मेमरीचा आकडा निम्म्याच्या खाली आला आणि थोड्या वेळाने पंखाही शांत झाला.

पंख्याचं एवढं काय, असं पुण्या-नाशिकच्या वाचकाला वाटेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. सिलतरा आणि उरला या औद्योगिक भागांतल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ शहरभर खिडक्यांच्या कठड्यांवर बसते, तशीच ती लॅपटॉपच्या जाळीतही बसते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे न मागितलेले प्रोग्रॅम आधी मेमरी खातात, मग उष्णता वाढवतात, आणि त्या उष्णतेने जो वेग उरला होता तोही जातो. भाटापाऱ्याहून रोज गाडीने ये-जा करणाऱ्या मुलीला बॅटरीचा प्रत्येक तास मोलाचा असतो. तो तास गेम विकणाऱ्या दुकानाने का घ्यावा?

डेटाचंही तेच. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतात. दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक. नवा लॅपटॉप पहिल्यांदा जोडला की विंडोजचे अपडेट, स्टोअरमधल्या ॲप्सचे अपडेट, वनड्राइव्हवर फोटो चढवणं हे सगळं एकदम सुरू होतं आणि दुपारच्या आत पॅक संपतो. मुलांना वाटतं, मोबाइल कंपनीने डेटा कापला. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते: वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपल्या हॉटस्पॉटच्या नावावर जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग विंडोज मोठे डाउनलोड थांबवून ठेवतं. कॉलेजच्या किंवा एखाद्या मैत्रिणीच्या घरच्या वाय-फायवर बसून अपडेट पूर्ण करून घ्या. अपडेट कायमचे बंद करू नका, ते सुरक्षेसाठी लागतात.

कंपन्या हे का करतात, याचं उत्तर साधं आहे. लॅपटॉपच्या धंद्यात नफा कमी राहतो. आपला प्रोग्रॅम आधीपासून भरून देण्यासाठी अँटिव्हायरसवाले आणि इतर कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे देतात. पुढे मुदत संपल्यावर शंभरातल्या काहींनी जरी वर्गणी भरली तरी त्यांचं भागतं. म्हणजे त्या मुलीच्या वडिलांनी एकदा पैसे दिले, आणि तिचं लक्ष दुसऱ्यांदा विकलं गेलं.

हे किती उघडपणे चालतं याचं एक जुनं उदाहरण माझ्या कायम लक्षात आहे. मार्च २००८ मध्ये सोनीने अमेरिकेत आपल्या व्हायो लॅपटॉपसाठी 'फ्रेश स्टार्ट' नावाचा पर्याय आणला. आम्ही भरतो ते जादाचे प्रोग्रॅम नको असतील तर पन्नास डॉलर जास्त द्या, असा तो पर्याय. लोक इतके भडकले की कंपनीला लगेच ती रक्कम रद्द करावी लागली. नंतर मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये आपल्या दुकानांतून ९९ डॉलर घेऊन लॅपटॉप साफ करून द्यायला सुरुवात केली. घाण दुसऱ्याने करायची आणि झाडण्याचे पैसे घरमालकाने द्यायचे, हा व्यवहार मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

त्याहून गंभीर प्रकरण लेनोवोचं. सप्टेंबर २०१४ पासून काही महिने विकल्या गेलेल्या त्यांच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा प्रोग्रॅम आधीपासून होता. वरवर तो खरेदीच्या पानांवर जाहिराती दाखवायचा. पण त्यासाठी त्याने लॅपटॉपमध्ये स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र बसवलं होतं, आणि सगळ्या लॅपटॉपमध्ये त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली एकच होती. ती किल्ली हाती लागलेला कुणीही सार्वजनिक वाय-फायवर बसून त्या लॅपटॉपवरचा बँकेचा व्यवहार मधल्यामध्ये वाचू शकला असता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी आणि ३२ राज्यांशी कंपनीला तडजोड करावी लागली, राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले. ज्यांचे लॅपटॉप होते त्यांच्यापैकी कुणीही तो प्रोग्रॅम मागितला नव्हता. पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रश्न वेगापुरता आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे प्रकरण सांगते.

आता घरी काय करायचं, ते माझ्या पद्धतीने सांगते. पहिले दोन-तीन दिवस लॅपटॉपवर कसलाही निकाल देऊ नका. नव्या लॅपटॉपमध्ये अपडेट उतरत असतात, विंडोज सगळ्या फाइलींची शोधसूची बनवत असतं, डिफेंडर पहिली तपासणी करत असतो. ही कामं खरी आहेत आणि ती संपतात. लॅपटॉप चार्जरला लावून, चांगल्या वाय-फायवर, एक-दोन रात्री चालू ठेवावा. त्यानंतरही जो हळू राहील, त्याच्याकडे पाहावं.

पाहताना सगळ्यात आधी ते मुदतीचं अँटिव्हायरस. विकत घ्यायचं नसेल तर ते 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये जाऊन पूर्ण काढून टाका. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो. दुसरं अँटिव्हायरस असलं की तो बाजूला होतो, ते काढलं की स्वतःहून पुन्हा कामाला लागतो. घरगुती आणि विद्यार्थ्यांच्या वापरासाठी तो पुरेसा आहे, असं माझं मत आहे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण दिसते का, एवढं मात्र पाहून घ्या. वॉरंटी विकणारं, गेम विकणारं, गाण्यांचं, कुपनांचं जे काही असेल तेही तिथूनच काढता येतं.

मग स्टार्टअपची यादी, जी वर सांगितली. मग ब्राउझर. लोकांना वाटतं, खिडकी बंद केली की ब्राउझर बंद झाला. एजमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स' या सेटिंगखाली 'स्टार्टअप बूस्ट' असतं, आणि ब्राउझर बंद केल्यावरही एक्स्टेन्शन आणि ॲप चालू ठेवण्याची परवानगी असते. दोन्ही बंद करा. क्रोममध्येही 'सिस्टिम'खाली तसंच एक बटण आहे. स्टोअरमधून आलेल्या काही ॲप्सच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'बॅकग्राउंड ॲप्स परमिशन' मिळतं, तिथे 'नेव्हर' निवडा.

वनड्राइव्हबद्दल थोडं सावकाश. तो बंद करा असं मी सरसकट सांगत नाही. ज्यांच्या फाइली त्यात आहेत त्यांनी आधी पाहावं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर त्याने स्वतःकडे घेतले आहेत का. नव्या लॅपटॉपवर खातं उघडताना नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलेल्या कित्येकांचं हे न कळत झालेलं असतं. फुकट जागा पाच जीबी, ती भरली की इशारे सुरू. आधी फाइली आपल्या डिस्कवर आल्या याची खात्री करा, बॅकअप थांबवा, मगच तो बंद करा. घाईने काढला तर प्रकल्पाची फाइल गेली म्हणून रडायची वेळ येते.

मेमरीच्या आकड्याला घाबरण्याचंही कारण नाही. विंडोज मोकळी मेमरी तशीच पडू देत नाही. लागतील असे प्रोग्रॅम आधीच त्यात आणून ठेवतं आणि गरज पडली की जागा सोडतं. शिवाय विंडोजची स्वतःची कामंही मेमरी घेतात, तेव्हा आठ जीबीच्या रिकाम्या लॅपटॉपवर चाळीस-पंचेचाळीस टक्के दिसणं साहजिक आहे. एक्सेल आणि दहा-बारा पानं उघडल्यावर सगळं अडखळायला लागलं, तर मात्र काळजी करावी. आणि आकडा शून्याच्या जवळ आणायचा म्हणून जे उपाय लोक करतात, त्यांनी माझ्या पाहण्यात नको त्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त नुकसान केलं आहे.

'मेमरी वाढवा', 'लॅपटॉप साफ करा' म्हणणारी ॲप्स हा त्यातला पहिला प्रकार. ती स्वतःच आणखी एक पडद्यामागचा प्रोग्रॅम असतात. दुसरा प्रकार म्हणजे व्हिडिओ पाहून कुणीतरी लिहिलेली स्क्रिप्ट चालवायची आणि विंडोजचे भागच उपटून काढायचे. मग सहा महिन्यांनी प्रिंटर लागत नाही, अपडेट बसत नाही, आणि कारण सापडत नाही. सर्व्हिसेसच्या लांबलचक यादीत शिरून ओळखीचं नाव दिसत नाही म्हणून बंद करणं, हेही तसंच. टचपॅड, आवाज, ग्राफिक्स, ब्लूटूथ यांचे प्रोग्रॅम राहू द्या. काही कंपन्यांच्या प्रोग्रॅममध्ये बॅटरी ऐंशी टक्क्यांवर चार्ज थांबवण्याची सोय असते. सतत चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपला ती फार उपयोगी, तेव्हा कंपनीचं म्हणून सगळंच फेकू नका.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. लॅपटॉप हळू झाला म्हणून तो एखाद्या दुकानात नेला, आणि तिथे शे-पाचशे रुपयांत 'नवी विंडोज मारून' दिली. ती चोरीची असते. माझ्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप असा परत आला, तेव्हा त्यात डिफेंडर बंद होता, अपडेट बंद होते आणि ब्राउझर उघडला की भलतंच पान यायचं. त्याच्या लॅपटॉपची स्वतःची अधिकृत विंडोज त्याच्या पैशात आधीच आलेली होती. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या, विंडोजसकट विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डमध्येच नोंदवलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून नव्याने बसवली, तर इंटरनेटला जोडताच ती आपोआप अधिकृत होते. एक रुपया लागत नाही. फक्त आधी आपल्या फाइली काढून ठेवायच्या आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचे आणि टचपॅडचे ड्रायव्हर घेऊन ठेवायचे. लॅपटॉपसोबत ऑफिस आलेलं असेल, तर ते कोणत्या खात्याला जोडलं आहे तेही लिहून ठेवावं. पहिल्या महिन्यातच, लॅपटॉपवर फारसं काही साठलेलं नसताना, हे करून टाकणं उत्तम.

मुलं शिकतात. मला जास्त काळजी त्यांच्या आजी-आजोबांच्या वयाच्या लोकांची वाटते. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी या जुन्या वस्त्यांतल्या कितीतरी मराठी घरांत आता दोघंच राहतात. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. त्यांनीच सुट्टीत आल्यावर नवा लॅपटॉप घेऊन दिलेला असतो, व्हिडिओ कॉलसाठी आणि बँकेसाठी. पंधरा दिवसांत उजव्या कोपऱ्यात लाल पाटी येते: तुमचं संरक्षण संपत आलं आहे, आत्ताच नूतनीकरण करा. काका घाबरून मला फोन करतात. "अगं, बँकेचे पैसे जातील का गं यातून?" मी सांगते, "काका, काही होत नाही, ती जाहिरात आहे." पण ती जाहिरात धोक्याच्या इशाऱ्याचा वेश घेऊन आलेली असते.

याचा परिणाम फार खोल आहे. खऱ्या कंपनीच्या अशा पाट्या पाहून पाहून माणसाला सवय लागते की लॅपटॉप धोक्याचं सांगतो आणि आपण बटण दाबायचं, पैसे भरायचे. मग एक दिवस अगदी तशीच पाटी चोरट्यांची येते, त्यावर एक फोन नंबर असतो, आणि काका तो फिरवतात. पलीकडचा माणूस लॅपटॉपचा ताबा घेतो. अशा फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तो प्रत्येक घरात लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून ठेवावा. पण घाबरवून विकण्याची ही रीत मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांनी थांबवली नाही, तर वयस्कर माणसाने खरं आणि खोटं ओळखायचं कशावरून? तुमच्या आई-वडिलांना लॅपटॉप देणार असाल तर तो आधी स्वतः साफ करा आणि मग त्यांच्या हातात द्या. ते जाहिरातीच्या पाट्यांचं अँटिव्हायरस तर आधी काढा.

आता कायद्याकडे येते, कारण प्रत्येक घराने आपापली झाडलोट करत बसावं हा काही कायमचा उपाय नाही. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला आणि तिथल्या लोकांना विंडोजमधून एजसुद्धा काढून टाकता येऊ लागला. तोच विंडोज, तीच कंपनी. तिकडे जे देता येतं ते इकडे न देण्याला तांत्रिक कारण उरत नाही.

आपल्याकडे हा विषय फोनच्या निमित्ताने आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच भरलेली ॲप्स वापरणाऱ्याला काढता आली पाहिजेत, असाही निर्देश त्या आदेशात होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ॲप्स काढू देण्याचा तो निर्देश रद्द केला. मला वाटतं, सामान्य माणसाच्या रोजच्या उपयोगाचा भाग तोच होता.

सरकारनेही या बाबतीत स्वतःकडे पाहायला हवं. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच भरून देण्याचा आदेश काढला होता. देशभर विरोध झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. ते ॲप उपयोगी आहे, हरवलेला फोन बंद करायला मी ते लोकांना सुचवते. पण उपयोगी आहे म्हणून न विचारता घालायचं, हेच तर प्रत्येक कंपनीही म्हणते.

नियम करायला नव्याने काही उभारावं लागेल असंही नाही. भारतात विकायच्या लॅपटॉपला सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी कधीपासूनच बंधनकारक आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा तेरा प्रकारांची नावं आहेत, आणि पुन्हा पुन्हा त्रास देऊन गळी उतरवणं, खोटी घाई लावणं हे त्यातलेच. नव्या लॅपटॉपमधल्या नूतनीकरणाच्या पाट्या या व्याख्येत बसतात, असं मी म्हणेन. या नियमांतच एक साधी अट वाढवा: लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना जादाच्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी समोर यावी, प्रत्येकापुढचं बटण बंद असावं, ज्याला जे हवं ते त्याने चालू करावं. आणि खोक्यावर मेमरी, डिस्क, बॅटरी छापता, तसं आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम कोणते तेही छापा.

राज्यांना तर कायद्याचीही वाट पाहायला नको. छत्तीसगडने युवा सूचना क्रांती योजनेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि टॅब्लेट वाटले, २०१८ मध्ये संचार क्रांती योजनेत लाखो स्मार्टफोन वाटले. अशा खरेदीत सरकार सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असतं. निविदेत एक ओळ घाला, की यंत्र स्वच्छ हवं, मुदतीचे आणि जाहिरातीचे प्रोग्रॅम नकोत. एवढी मोठी मागणी आली की कंपन्या तसंच देतील. केरळने शाळांच्या संगणकांसाठी मुक्त सॉफ्टवेअरची निवड ठाम धोरण म्हणून केली आणि ती वर्षानुवर्षं टिकवली. तिथल्या शाळांत काय भरायचं हे तिथलं शिक्षण खातं ठरवतं, विक्रेता ठरवत नाही.

तोवर तुम्ही एवढं करा. रायपूरच्या जयस्तंभ चौकातून घ्या, नागपूरच्या सीताबर्डीतून घ्या नाहीतर घरपोच मागवा, पण दुकानातून घेत असाल तर पैसे देण्याआधी काउंटरवरच लॅपटॉप सुरू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, स्टार्टअपची यादी उघडा, आणि दुकानदाराला एकेका नावावर बोट ठेवून विचारा, हे कशाला? ज्याचं उत्तर त्याला देता येणार नाही, ते तिथेच काढून द्यायला सांगा. मुदतीचं अँटिव्हायरस नको, वॉरंटीची आठवण नको, असं स्पष्ट बोला. ऐकलं नाही तर शेजारचं दुकान आहेच, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.